हवेच्या हिशेबावर पळणारी बोट

सोमेश्वरनगरच्या माणसाला इंधनाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊस, साखर, मळी आणि मळीपासून अल्कोहोल ही साखळी शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. पाठीवर फवारणी पंप घेऊन रानात जाणारा शेतकरी पेट्रोलमध्ये टूटी ऑइल किती घालायचं हे झोपेतही सांगेल. अशा गावातल्या कुणी रिमोटवर पळणारी छोटी बोट करायची ठरवली आणि तिच्या मागच्या फळीला विजेच्या मोटरऐवजी मूठभर आकाराचं खरंखुरं इंजिन टांगलं, तर त्याचं निम्मं शिक्षण आधीच झालेलं असतं. उरलेलं निम्मं रसायनशास्त्राचं आहे. त्याचा गाभा एवढाच, की इंजिनाची ताकद इंधन किती ओतलं यावर ठरत नाही. सिलिंडरमध्ये हवा किती शिरली यावर ठरते.

आउटबोर्ड म्हणजे इंजिन, खाली पाण्यात जाणारा पाय आणि पंखा हे सगळं एकाच जोडणीत, बोटीच्या बाहेर टांगलेलं. मोठ्या बोटींसाठी ही जोडणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी लोकप्रिय केली. तिची छोटी आवृत्ती पुढे के अँड बी या अमेरिकी आणि ओ. एस. या जपानी कंपनीने छंदिष्टांसाठी बनवली. त्यांतला सगळ्यांत परिचित आकार साडेतीन सीसीचा. पुण्याच्या कायनेटिकने १९७२मध्ये आणलेल्या लुनाचं इंजिन सुमारे ५० सीसीचं होतं, म्हणजे याच्या चौदापट. तरीही हे चिमुकलं यंत्र एक अश्वशक्तीच्या आसपास जाऊ शकतं. त्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं वेगाचं: मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, म्हणजे सेकंदाला तीनशे तीसहून जास्त स्फोट. दुसरं कारण इंधनाच्या टाकीत आहे.

ठिणगीशिवाय पेट

या इंजिनाला मॅग्नेटो नाही, कॉइल नाही. स्पार्क प्लगच्या जागी ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते वेटोळं लालबुंद करायचं आणि इंजिनाने जोर धरला की सेल काढून घ्यायचा. तार पुढेही तापलेलीच राहते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची वाफ आणि ऑक्सिजन यांचा संयोग सहज होतो आणि त्यातून उष्णता निघत राहते. प्लॅटिनम स्वतः खर्च होत नाही, फक्त क्रिया घडवून आणतं. मागच्या स्फोटाची धग आणि पिस्टनचा दाब यांची भर पडली की पुढचा स्फोट आपोआप होतो. अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी १९४७मध्ये असा प्लग बाजारात आणला. छोट्या विमानांतून आणि बोटींतून जड बॅटरी आणि कॉइल हद्दपार झाली ती तेव्हापासून.

इथे एक शंका येणारच. आपल्याकडे मळीपासून इथेनॉल निघतं, मग हीच बोट त्यावर का चालू नये? इथेनॉलही जळतं, पण ही इंजिनं, त्यांचे प्लग आणि कार्ब्युरेटर मिथेनॉल धरूनच आखलेले असतात. वाफ होताना मिथेनॉल किलोमागे सुमारे अकराशे किलोज्यूल उष्णता शोषतं, पेट्रोल त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे आत येणारं मिश्रण थंड राहतं, आणि थंड हवा दाट असते. म्हणजे पुन्हा मुद्दा हवेचाच.

किलोभर हवेचा भाव

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते आणि त्यातून सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. इथेनॉलला ९ किलो हवा लागते, ऊर्जा २७ मेगाज्यूल. मिथेनॉलला ६.४ किलो हवा, ऊर्जा २०. या आकड्यांवरून पेट्रोल फार सरस वाटतं. पण सिलिंडरची अडचण वेगळी आहे. टाकीतून इंधन हवं तेवढं देता येतं. साडेतीन सीसीच्या पोकळीत हवा मात्र तेवढीच मावते. म्हणून भागाकार उलटा करून, एक किलो हवेमागे ऊर्जा किती ते पाहायचं. पेट्रोल ३, इथेनॉल ३, मिथेनॉल ३.१ मेगाज्यूल. तिघंही जवळपास एकाच पंगतीत बसतात.

आता नायट्रोमिथेन घ्या. त्याची ऊर्जा किलोला जेमतेम ११ मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या पाव हिस्सा. पण त्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू असतात. वारकरी शिदोरी बांधून निघावा तसं हे इंधन आपला बराचसा ऑक्सिजन बरोबर घेऊनच सिलिंडरमध्ये येतं. त्याला किलोमागे फक्त १.७ किलो हवा पुरते. भागाकार केला तर एक किलो हवेमागे साडेसहा मेगाज्यूल, म्हणजे इतरांच्या दुपटीहून जास्त. या छंदातल्या इंजिनांना सगळे ‘नायट्रो’ म्हणतात ते या घटकामुळे. मात्र नवशिक्याच्या बाटलीत त्याचं प्रमाण १० ते २० टक्के असलं तरी पुष्कळ झालं. शर्यतीतले लोक पन्नास टक्क्यांच्या पुढे जातात आणि त्याची किंमत प्लग व बेअरिंग वरचेवर बदलून मोजतात.

तिसरा घटक तेल. ते साधारण पाचवा हिस्सा असतं आणि त्यात बहुधा आपलं एरंडेल असतं. एरंडेल पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही; अल्कोहोलमध्ये मिसळतं. इंजिन फार तापलं तरी त्याचा थर धातूवर टिकून राहतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती रोटरी इंजिनं याच तेलावर चालायची. जगात एरंडीचं सर्वाधिक उत्पादन भारतात होतं, त्यातलं बहुतेक गुजरातेत.

बाटलीतला धोका

तयार मिश्रणाची बाटलीच घ्यावी. घरी मिश्रण करण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. मिथेनॉल हे विष आहे. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतं. पोटात गेलेले काही चमचे दृष्टी घालवतात, थोडे जास्त झाले तर जीवही. मुंबईत मालवणीला जून २०१५मध्ये शंभरहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. महाराष्ट्रात त्याच्या विक्रीवर आणि साठ्यावर परवान्याचं बंधन आहे. इंधन विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे नियमांची चौकशी करावी. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतू नये. हातावर सांडलं तर लगेच धुवावं, कारण ते त्वचेतूनही आत जातं. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे इंजिन गरम असताना टाकी भरू नये आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. नायट्रोमिथेन सुटं मिळालं तरी घेऊ नये. त्याची गणना स्फोटक होऊ शकणाऱ्या रसायनांत होते.

सुई फिरवायची कला

कार्ब्युरेटरवरची छोटी सुई आत घेतली की इंधन कमी होतं, बाहेर काढली की वाढतं. नवख्याचा पहिला हंगाम ही सुई ओळखण्यातच जातो. इंधन जास्त झालं की पांढरा दाट धूर निघतो, आवाज जाड आणि अडखळता येतो, बोट मंद धावते. इंधन कमी पडलं की धूर नाहीसा होतो, आवाज चिरका होतो आणि काही क्षण बोट झकास पळते. नवशिक्या फसतो तो इथेच. इंधनाबरोबर तेलही कमी पडत असतं, थंडावाही कमी होत असतो, आणि तळ्याच्या मधोमध इंजिन आवळून बसतं. म्हणून उत्तम वेग देणाऱ्या जागेपासून सुई थोडी बाहेर ठेवावी. धुराची बारीक रेघ मागे दिसत राहिली पाहिजे.

हीच जुळवाजुळव आज रस्त्यावरच्या गाडीतही चालू असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं की किलोमागे लागणारी हवा १४.७वरून साडेतेराच्या आसपास उतरते. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ते हेरतो आणि संगणक इंधन वाढवतो. बोटीत तो सेन्सर म्हणजे आपले कान आणि डोळे.

नवं इंजिन पहिल्याच दिवशी ताणू नये. यात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर क्रोम चढवलेल्या पितळेचा असतो. सिलिंडर वरच्या टोकाला किंचित निमुळता केलेला असतो. थंड असताना पिस्टन तिथे अडकल्यासारखा वाटतो. तो दोष नाही. वरचा भाग जास्त तापतो, जास्त फुगतो आणि चालत्या इंजिनात फट बरोबर जुळते. म्हणून पहिल्या काही टाक्या मिश्रणात इंधन जास्त ठेवून, वेग कमी-जास्त करत जाळायच्या, पण इंजिन पुरेसं तापेल इतपत.

पाण्यावर उतरल्यावर

सत्तर सेंटिमीटर लांबीची बोट पाणी कापत जाते तोवर तिचा वेग तिच्याच लाटेत अडकतो. गणिताने तो ताशी चार किलोमीटरच्या आतच राहतो. त्यापुढे जायचं तर बोटीने पाण्यावर चढून घसरत पळायला हवं. ४२ मिलिमीटर व्यासाचा आणि व्यासाच्या १.४ पट आटे असलेला पंखा एका फेऱ्यात सुमारे ५९ मिलिमीटर पुढे जातो. तो मिनिटाला २२ हजार वेळा फिरला तर कागदावर ताशी ७८ किलोमीटर होतात. पंखा पाण्यात घसरतो म्हणून प्रत्यक्षात साठ-पासष्ट धरा. एवढ्या वेगाला बोटीखाली शिरलेली हवा तिला उचलते आणि नाक थोडं जास्त वर गेलं की बोट उलटीपालटी होते. म्हणून इंजिनाचा कोन पाण्याशी समांतर ठेवून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

आउटबोर्डला सुकाणू नसतं, संपूर्ण इंजिनच वळतं. वळवण्याचं बळ पंख्याच्या रेट्यातून येतं. काठ जवळ आला म्हणून घाबरून थ्रॉटल पूर्ण सोडला तर बोट वळायचीही थांबते आणि सरळ काठावर जाते. वळण घेताना थोडा रेटा चालूच ठेवावा लागतो. रेडिओलहरीने बोट हाकण्याचा प्रयोग निकोला टेस्लाने १८९८मध्ये न्यूयॉर्कला करून दाखवला होता. आजचे संच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत, म्हणून बोटीतल्या रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या वर, उभी असावी. संपर्क तुटला तर थ्रॉटल आपोआप बंद होईल अशी सोय संचात असते. काठावरच ती तपासून घ्यावी.

जागेची निवड

नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलेलं असताना तिकडे फिरकूसुद्धा नये; वाहतं पाणी आणि तीव्र काठ ही जीवघेणी जोडी आहे. शेततळं सोयीचं दिसतं, पण त्याचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की माणसाला वर चढता येत नाही. बंद पडलेली बोट आणायला कुणी पाण्यात उतरू नये. काठावरून गळाची दोरी फेकावी, किंवा दोघांनी दोन काठांवरून दोर ओढत न्यावा. जीवरक्षक जाकीट आणि सोबत एक मोठा माणूस हवाच. धुराबरोबर न जळलेलं तेल पाण्यात जातं, त्यामुळे पिण्याच्या किंवा मत्स्यपालनाच्या तळ्यात बोट नको. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनी धरणाच्या जलाशयावर रोहित पक्षी उतरतात. तिथे या इंजिनाचा कर्कश आवाज नकोच.

दिवस संपला की टाकी रिकामी करून उरलेलं इंधन इंजिन चालवूनच संपवायचं आणि त्यात तेलाचे थेंब सोडून ते हाताने फिरवायचं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, नायट्रोच्या जळण्यातून आम्ल तयार होतं आणि दोन्ही मिळून एका आठवड्यात बेअरिंगला गंज चढवू शकतात.

शेवटची गोष्ट म्हणजे एक साधी वही. प्रत्येक वेळी तारीख, तापमान, कोणता प्लग, किती टक्के नायट्रो आणि सुई बंद स्थितीपासून किती फेरे बाहेर आहे, हे लिहून ठेवावं. डिसेंबरच्या सकाळी पारा १२ अंशांवर असतो, एप्रिलच्या दुपारी ४० वर. तेवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. म्हणजे थंडीत बरोबर बसलेली सुई उन्हाळ्यात इंधन जास्त देणार आणि ती किंचित आत घ्यावी लागणार. किती आत, ते इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेत सापडत नाही; ते आपल्याच वहीत सापडतं.