सुरांचा सांगावा : दोन संगणकांतील ‘मिडी’चा धागा

संगीत म्हणजे नाद, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. परंतु ज्या तारेतून नादाचा एक कणही जात नाही, त्याच तारेतून संपूर्ण रचना पलीकडच्या वाद्यापर्यंत पोहोचते असे कोणी सांगितले, तर कलाशाखेचा विद्यार्थी थोडा चक्रावेल. मीही चक्रावलो होतो. या चमत्काराचे नाव ‘मिडी’. दोन संगणकांमध्ये जाळ्यावरून हा धागा कसा जोडतात, आणि तो जोडून काय साधते व काय साधत नाही, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

मिडी म्हणजे काय?

१९८० च्या सुमारास विजेवर चालणारी स्वरवाद्ये बरीच झाली होती. पण एका कंपनीच्या वाद्याची भाषा दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला कळत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सर्वांसाठी एकच भाषा असावी असा आग्रह धरला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यांच्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली, आणि त्याच वर्षी मिडीचे नियम प्रसिद्ध झाले. या कामाबद्दल दोघांना २०१३ मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

ही भाषा मोठी काटकसरीची आहे. समजा, मी कीबोर्डवर मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली. तारेतून तीन आकडे जातात : १४४, ६०, १००. पहिला म्हणतो, “पहिल्या वाहिनीवर स्वर सुरू कर”. दुसरा स्वराचा क्रमांक. तिसरा पट्टी किती जोराने दाबली ते. बोट उचलले की स्वर थांबवण्याचा दुसरा निरोप जातो. आवाज मात्र पलीकडचे यंत्र आपल्याजवळचा काढते. म्हणूनच एकच निरोप कुठे सतारीसारखा वाजेल, तर कुठे बासरीसारखा. भातखंडे-पलुसकरांनी स्वरलिपी सिद्ध केली तेव्हा कागदावर गाणे उतरले नव्हते, गाण्याच्या खुणा उतरल्या होत्या. मिडी ही त्याच जातीची, पण वाजवता वाजवता लिहिली जाणारी लिपी आहे.

जाळ्याची गरज का पडली?

मूळच्या पाच टोकांच्या मिडी तारेची मर्यादा १५ मीटर आहे. यूएसबीची साधी तार तर ५ मीटरपर्यंतच भरवशाची. आमच्या स्नेहसंमेलनातील संगीतिकेच्या तालमीत नेमका हाच पेच होता : वादक रंगमंचावर आणि ध्वनीचा संगणक सभागृहाच्या मागच्या टोकाला. संगणकांच्या जाळ्याची एक इथरनेट तार मात्र १०० मीटर जाते. तेव्हा मिडीचे निरोप याच जाळ्यावरून का पाठवू नयेत?

अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात जॉन लाझारो व जॉन वॉरझिनेक यांनी त्यासाठी ‘आरटीपी-मिडी’ची पद्धत आखली. तिचे नियम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये सुधारले गेले. ॲपलने ही सोय २००५ मध्येच आपल्या संगणकांत दिली होती.

अडचण अशी की जाळे हे टपालासारखे आहे. पोचपावती घेऊन पाठवलेले पत्र हमखास पोहोचते. पण हरवलेले पत्र पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पत्रे खोळंबतात. संगीतात खोळंबा म्हणजे मरण. म्हणून येथे पावतीविना टपाल वापरतात. मग वाटेत नेमका ‘स्वर थांबव’ हाच निरोप गहाळ झाला तर? तो स्वर पलीकडे अखंड कोकलत राहील. यावरचा तोडगा मला फार आवडला : प्रत्येक नव्या पाकिटात मागच्या घडामोडींचा गोषवाराही घालतात. एखादे पाकीट हरवलेच, तर पुढच्या पाकिटातील गोषवारा वाचून पलीकडचा संगणक लटकलेला स्वर बंद करतो.

प्रत्यक्ष जोडणी

दोन्ही संगणक एकाच जाळ्यावर, शक्यतो तारेने जोडावेत. बिनतारी जाळ्यात निरोप कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतात, आणि असा अनियमित उशीर लयीला नेहमीच्या उशिरापेक्षा अधिक घातक असतो. ॲपलच्या संगणकावर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधील ‘मिडी स्टुडिओ’त ‘नेटवर्क’ उघडावे, नवे सत्र तयार करून चालू करावे. विंडोजसाठी टोबियस एरिक्सेन यांची ‘आरटीपी-मिडी’ ही आज्ञावली आहे. तिचा पडदा जवळजवळ तसाच दिसतो. यादीत दुसऱ्या संगणकाचे नाव दिसले की ‘कनेक्ट’ म्हणावे. एकाने निमंत्रण द्यायचे, दुसऱ्याने स्वीकारायचे. मैफलीपूर्वी तबला तानपुऱ्याशी मिळवून घेतात, तसे मग दोन्ही संगणक परस्परांना वेळ कळवून आपली घड्याळे जुळवतात.

नाव दिसत नसेल तर संगणकाचा संरक्षक पडदा, म्हणजे फायरवॉल, तपासावा. साधारणतः ५००४ आणि ५००५ ही दोन दारे उघडी लागतात. संस्थांच्या जाळ्यावर पुष्कळदा एका संगणकाला दुसरा दिसूच देत नाहीत. तेव्हा स्वतःचा छोटा स्विच आणून दोघांना वेगळे जोडणे श्रेयस्कर. आणखी एक : आलेला निरोप दोन्हीकडून परत पाठवण्याची व्यवस्था करू नये, नाहीतर तोच स्वर दोन आरशांतील प्रतिबिंबासारखा फिरत राहतो.

मर्यादा

हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराएवढाच. एका इमारतीतील चांगले जाळे याहून कमीच उशीर करते. पण मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेतही एका बाजूचे ३६ मिलिसेकंद हवेतच. जाऊन येऊन ७२. कोणतीही कंपनी हा उशीर कमी करू शकणार नाही, कारण तो निसर्गाचा आहे. म्हणून परगावच्या गुरूने वाजवावे आणि शिष्याने मागून वाजवावे, हे सुखेनैव जमेल. द्रुत लयीत एकमेकांची संगत जमणार नाही.

दुसरी मर्यादा आपल्या संगीताला अधिक झोंबणारी. मिडीचे स्वर मुळात पट्ट्यांच्या हिशेबाने मोजलेले. मींड घ्यायची तर स्वर वाकवण्याचा वेगळा निरोप असतो, त्याच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. पण तो त्या वाहिनीवरचे सगळेच स्वर एकदम वाकवतो. म्हणून मींड घेणाऱ्या सुराला स्वतंत्र वाहिनी द्यावी लागते. २०२० मध्ये आलेल्या ‘मिडी २.०’त प्रत्येक स्वर वेगळा वाकवण्याची सोय झाली आहे.

पेटीवर श्रुती निघत नाहीत म्हणून आपल्याकडे पूर्वी मोठा वाद झाला. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली होती. तरीही पेटी टिकली, कारण वाजवणाऱ्यांनी तिची मर्यादा ओळखून तिच्याकडून काम करून घेतले. मिडीकडेही आपण याच दृष्टीने पाहावे असे मला वाटते. तार हुकूम नेते; सूर लागला की नाही, हे मात्र दोन्ही टोकांच्या माणसांनी कान देऊनच ठरवायचे आहे.