जुन्या विमानाचा फोटो फॉरवर्ड करताय? आधी त्याच्यावरची अक्षरं वाचा

व्हॉट्सॲपवर एक फोटो अधूनमधून येतोच. काळा-पांढरा. चार पंखे असलेलं मोठं विमान, शिडीजवळ साडीतल्या हवाईसुंदरी आणि खाली ओळ : ‘एअर इंडियाचं पहिलं विमान!’ लोक हार्ट देतात, पुढे ढकलतात, विषय संपतो.

पण जगभरात असे हजारो हौशी लोक आहेत, ज्यांचा विषय इथे सुरू होतो. ते फोटो मोठा करतात आणि पंखावरची, शेपटीवरची अक्षरं शोधतात. खिडक्या गोल आहेत की चौकोनी, शेपटी एक आहे की तीन, हे बघतात. मग सांगतात, ‘हे पहिलं विमान नाही. हे अमुक विमान, अमुक साली कारखान्यातून निघालं, अमुक ठिकाणी संपलं.’

हे लोक एवढी उठाठेव का करतात? कारण यातली बहुतेक विमानं आज भंगारात गेलीत. कंपन्या बंद पडल्या, कागदपत्रं विखुरली. अनेक विमानांचा उरलेला पुरावा म्हणजे कुणाच्या तरी अल्बममधला एक फोटो. त्याखाली चुकीची ओळ लागली आणि ती दहा हजार वेळा फॉरवर्ड झाली, तर खरी गोष्ट शोधणं आणखी अवघड होतं.

विमानाचा आधार नंबर

प्रत्येक नागरी विमानावर नोंदणीची अक्षरं असतात. भारतीय विमानांवर ती ‘व्हीटी’ने सुरू होतात. याबद्दलही एक फॉरवर्ड प्रसिद्ध आहे. त्यात म्हणतात, व्हीटी म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, गुलामीची खूण. प्रत्यक्षात ही अक्षरं रेडिओ कॉल-साइनच्या आंतरराष्ट्रीय वाटपातून आली. त्या वाटपात व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड हा पट्टा भारताकडे आहे. ऑस्ट्रेलियाची विमानं ‘व्हीएच’ लावतात, तीही याच व्यवस्थेतून.

विमान विकलं, दुसऱ्या देशात गेलं, तर ही अक्षरं बदलतात. बदलत नाही तो कारखान्याने दिलेला बांधणी क्रमांक. आपल्या गाडीची नंबर प्लेट आणि चेसिस नंबर यांचं नातं असतं, तसंच हे. अभ्यासक फोटोतल्या अक्षरांवरून बांधणी क्रमांक गाठतात आणि त्यावरून विमानाची जन्मापासूनची कुंडली मांडतात.

शेपटीवर बसणारं डकोटा

या दुनियेतलं सगळ्यात ओळखीचं विमान म्हणजे डग्लस कंपनीचं डीसी-३. पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५. दुसऱ्या महायुद्धात त्याचीच लष्करी आवृत्ती हजारोंनी बनली. ब्रिटिशांनी तिला डकोटा म्हटलं आणि आपल्याकडेही तेच नाव रुळलं.

ओळखायला सोपं. इंजिनं दोन, तिसरं लहान चाक शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर उभं असताना विमान नाक वर करून मागे टेकल्यासारखं दिसतं. आत शिरल्यावर प्रवाशाला आपल्या सीटपर्यंत चक्क चढ चढावा लागायचा.

महायुद्ध संपलं आणि लष्कराला नको झालेली ही विमानं स्वस्तात विकायला निघाली. भारतात ती घेऊन एकामागून एक विमान कंपन्या उभ्या राहिल्या. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंगा एअरलाइन्स ही त्यातली काही नावं. १ ऑगस्ट १९५३ ला सरकारने देशांतर्गत सेवा देणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स सुरू केली.

फोटोचा काळ ठरवताना ही तारीख फार कामाला येते. विमानावर ‘डेक्कन एअरवेज’ लिहिलेलं असेल, तर फोटो साधारण १९५३ पर्यंतचा. ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ असेल, तर १९४८ नंतरचा आणि बहुधा १९६२ च्या आतला. कारण १९६२ मध्ये त्या नावातलं ‘इंटरनॅशनल’ गळालं.

नागपूरची मध्यरात्र

डकोटाची आपल्या मातीतली सगळ्यात भारी गोष्ट नागपूरची आहे.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमाराला चारही विमानं नागपूरला उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जायचं. आज मुंबईत टाकलेलं पत्र उद्या कलकत्त्यात! देशाच्या नकाशात नागपूर जवळपास मधोमध आहे, म्हणून हा मान त्याला मिळाला.

या सेवेने पुढे दोन दशकांहून जास्त काळ टपाल वाहिलं. आता विचार करा, नागपूरच्या एखाद्या निवृत्त टपाल कर्मचाऱ्याच्या घरी रात्रीच्या धावपट्टीवरचा एक धूसर फोटो असेल. घरच्यांना त्यात फक्त ‘आजोबा आणि विमान’ दिसेल. त्याच फोटोत मागच्या विमानाची दोन-तीन अक्षरं वाचता आली, तर त्या काळात नागपूरला येणारं एक नेमकं विमान हाती लागेल.

तीन शेपट्यांची राणी

आता त्या पहिल्या फोटोकडे येऊ. चार इंजिनं, माशासारखं किंचित वळलेलं अंग आणि मागे एक नाही, तीन उभ्या शेपट्या. हे लॉकहीड कंपनीचं कॉन्स्टेलेशन. विमानप्रेमी त्याला लाडाने ‘कॉनी’ म्हणतात. पहिलं उड्डाण ९ जानेवारी १९४३.

तीन शेपट्या शोभेसाठी नव्हत्या. एवढ्या मोठ्या विमानाला एकच शेपटी दिली असती तर ती खूप उंच झाली असती आणि विमान त्या काळच्या हँगरमध्ये मावलं नसतं. म्हणून उंची तीन ठिकाणी वाटली. शिवाय डकोटात नसलेली एक सोय यात होती, केबिनमधला हवेचा दाब राखण्याची. त्यामुळे ते खराब हवामानाच्या वरून उडू शकायचं.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं कॉन्स्टेलेशन मुंबईहून ३५ प्रवासी घेऊन निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. एअर इंडियाचं हे पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण. म्हणजे फोटोखाली लिहायचंच, तर ‘पहिलं विमान’ नाही, ‘पहिल्या आंतरराष्ट्रीय सेवेचं विमान’ असं लिहायला हवं. टाटांची हवाई टपालसेवा तर त्याआधी सोळा वर्षं, १९३२ मध्येच सुरू झाली होती आणि तिची सुरुवात एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथ विमानाने झाली होती.

पण समजा फोटो खरोखर ‘मलबार प्रिन्सेस’चा असेल, तर त्याच्यावर अक्षरं असणार व्हीटी-सीक्यूपी. आणि ती वाचल्यावर तो फोटो नुसता गोड आठवणींचा राहत नाही.

बर्फातले दोन अपघात

३ नोव्हेंबर १९५० रोजी व्हीटी-सीक्यूपी जिनिव्हाकडे जात असताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण गेले. प्रवाशांत बहुतेक खलाशी होते, जहाजावर कामाला रुजू व्हायला निघालेले. त्यांच्या शोधासाठी वर चढलेला रेने पायो हा फ्रेंच गिर्यारोहक वाटाड्याही हिमकड्यात सापडून मेला.

पुढे २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचंच ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर, जवळपास त्याच जागी कोसळलं. त्यात ११७ जण गेले. डॉ. होमी भाभा त्यांच्यातलेच एक.

या दोन्ही विमानांचे अवशेष बोसों हिमनदी आजही खाली आणून टाकते. २०१२ मध्ये तिथे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली. ती १९६६ च्या विमानातली निघाली. असा एखादा तुकडा सापडला की बातमी येते, फोटो फिरतात आणि बघता बघता सगळं भाभांच्या नावावर जमा होतं.

इथे जुन्या विमानांची माहिती कामाला येते. ‘मलबार प्रिन्सेस’ पंख्याचं विमान होतं. त्याच्या प्रत्येक इंजिनात चक्राकार मांडलेले १८ सिलिंडर होते. बोइंग ७०७ जेट होतं. त्यात पंखेही नव्हते आणि सिलिंडरही. तेव्हा बर्फातून वाकलेलं पंख्याचं पातं निघालं, तर ते बोइंगचं असूच शकत नाही. ज्या खलाशांची नावं कुठल्या मथळ्यात आली नाहीत, त्यांच्या विमानाची ती खूण असू शकते.

दुसरी प्रिन्सेस

आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे ‘काश्मीर प्रिन्सेस’. हेही एअर इंडियाचं कॉन्स्टेलेशन, हुबेहूब तसंच. अक्षरं मात्र व्हीटी-डीईपी.

११ एप्रिल १९५५ ला ते हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघालं होतं. चीनने बांडुंग परिषदेसाठी ते भाड्याने घेतलं होतं. वाटेत विमानात लपवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. लक्ष्य चीनचे पंतप्रधान चाउ एन लाय असल्याचं मानलं जातं, पण ते या विमानात नव्हतेच. कॅप्टन डी. के. जटार यांनी पेटलेलं विमान समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. १९ पैकी १६ जण मेले. सहवैमानिक दीक्षित, नेव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे तिघे वाचले. कर्णिकांनी पुढे या घटनेवर पुस्तकही लिहिलं.

दोन्ही नावांत ‘प्रिन्सेस’, दोन्ही विमानं एकाच घडणीची. त्यामुळे एकाचा फोटो दुसऱ्याच्या बातमीला सहज चिकटतो. फरक सांगतात ती फक्त अक्षरं.

अक्षरंही फसवू शकतात

मग अक्षरं वाचली की काम झालं? नाही.

२०१८ मध्ये हवाई दलाच्या वारसा ताफ्यात ‘परशुराम’ नावाचं डकोटा दाखल झालं. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून ते उडवत भारतात आणलं होतं. त्याच्यावर क्रमांक आहे व्हीपी ९०५. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ च्या, श्रीनगरला पहिले सैनिक उतरवणाऱ्या मोहिमेतल्या डकोटाचा. म्हणून अनेक पोस्टमध्ये ‘हेच ते काश्मीर वाचवणारं विमान’ असं लिहिलेलं असतं. पण क्रमांक आदराने दिलेला आहे, विमान दुसरं आहे. याआधी ते ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नोंदणीने उडत होतं.

भुवनेश्वरमध्येही असाच प्रश्न आहे. बिजू पटनाईक यांच्या कलिंगा एअरलाइन्सचं व्हीटी-एयूआय हे डकोटा कोलकाता विमानतळावर वर्षानुवर्षं धूळ खात होतं. २०२३ मध्ये ते सुटं करून ट्रकने भुवनेश्वरला नेलं. पटनाईकांनी १९४७ मध्ये इंडोनेशियाचे नेते सुतान शरीर यांना विमानातून बाहेर काढलं होतं, हा इतिहास आहे. पण कलिंगाकडे एकाहून जास्त डकोटा होती. तेव्हाचं नेमकं विमान कोणतं, याचं उत्तर लॉगबुकात शोधायला हवं. नुसत्या कॅप्शनवर ते ठरत नाही.

आता तुम्ही काय करायचं?

घरात कुणी एअर इंडियात, हवाई दलात, टपाल खात्यात किंवा विमानतळावर नोकरीला असेल, तर ट्रंकेतले फोटो एकदा काढून बघा. आणि मग :

• फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. तारीख, गाव, स्टुडिओचा शिक्का बऱ्याचदा तिथेच असतो.

• कडा कापू नका. शेपटीवरची अक्षरं नेमकी कडेलाच असतात.

• एआयने फोटो ‘स्पष्ट’ करून तोच जपून ठेवू नका. एआय पुसट अक्षरं अंदाजाने भरतं. व्हीटी-सीक्यूपी मधल्या ‘पी’चा ‘आर’ झाला, की ते त्याच ताफ्यातलं दुसरं विमान होतं. रंग भरलेल्या फोटोतले रंगही खरे धरू नका. मूळ स्कॅन वेगळा ठेवा.

• अक्षरं आरशात बघितल्यासारखी उलटी दिसली, तर निगेटिव्ह उलटी छापली आहे. आधी फोटो सरळ करा.

• खात्री नसेल तर कॅप्शनमध्ये फक्त दिसतंय ते लिहा. ‘चार इंजिनं, तीन शेपट्या, अक्षरं पुसट, आजोबा डावीकडून दुसरे’ एवढंही अभ्यासकाला पुरतं.

• फोटोतल्या माणसांना ओळखणारी मंडळी अजून आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या. विमान नोंदवहीत सापडेल, माणसं सापडणार नाहीत.

आणि प्रत्यक्ष कॉनी बघायची असेल, तर लांब जायला नको. तिचा लांब अंगाचा अवतार म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. ही विमानं आधी एअर इंडियात होती. पुढे काही हवाई दलात गेली आणि पुण्याच्या लोहगावहून समुद्रावर पाळत ठेवू लागली. नंतर ती नौदलाकडे, गोव्याच्या दाबोळीला आली. त्यातलं आयएन ३१५ हे विमान बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. जगभरात एकूण ८५६ कॉन्स्टेलेशन बनली. आज उडणारी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

गोव्याला गेलात तर तिच्यासमोर नक्की फोटो काढा. फक्त मागची अक्षरं झाकली जाणार नाहीत, असे उभे राहा.