द इमॅक्युलेट कलेक्शन

‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ हा अमेरिकन पॉप गायिका मॅडोना हिच्या लोकप्रिय गीतांचा पहिला संकलित अल्बम होय. सायर रेकॉर्ड्स या कंपनीने तो नोव्हेंबर १९९० मध्ये प्रकाशित केला. त्यात एकूण १७ गीते आहेत. त्यांपैकी १५ गीते १९८३ ते १९९० या काळात आधीच प्रसिद्ध झालेली असून ‘जस्टिफाय माय लव्ह’ आणि ‘रेस्क्यू मी’ ही दोन या अल्बमसाठी नव्याने केलेली आहेत. जगभरात तीन कोटींहून अधिक प्रती खपलेला हा अल्बम एकल गायक-गायिकांच्या संकलनांत सर्वाधिक खपाचा मानला जातो.

नाव

रोमन कॅथलिक पंथात ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ नावाचा एक सिद्धान्त आहे. येशूची माता मरिया ही स्वतः आईच्या गर्भात आली त्या क्षणापासूनच आदिपापापासून मुक्त होती, असे हा सिद्धान्त सांगतो. येशूचा जन्म कुमारी मातेच्या पोटी झाला, ही श्रद्धा यापेक्षा वेगळी आहे. या दोहोंची गल्लत नेहमी होते. पणजी येथील उंच पायऱ्यांचे प्रसिद्ध चर्च याच सिद्धान्ताच्या नावाने मरियेला अर्पण केलेले आहे. ‘कन्सेप्शन’च्या जागी ‘कलेक्शन’ घालून अल्बमच्या नावात श्लेष साधला आहे. कॅथलिक घरात वाढलेल्या या गायिकेचे ‘मॅडोना’ हे नाव पाळण्यातले असून ते मरियेचेच एक संबोधन आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे श्लेषाची धार कळते. अर्पणपत्रिकेतही तिने पोपला आपले दैवी प्रेरणास्थान म्हटले आहे. त्याच वर्षी इटलीत कॅथलिक संघटनांनी तिच्या कार्यक्रमांना विरोध केला होता. त्यामुळे या अर्पणातील उपरोध कोणाच्या नजरेतून सुटला नाही.

गीतांची निवड

नव्या दोन गीतांपूर्वीची सर्व गीते साधारणपणे कालक्रमाने लावली आहेत. ‘हॉलिडे’पासून ‘व्होग’पर्यंत ती क्रमाने ऐकली की नृत्यगृहांत वाजणाऱ्या सुटसुटीत चालींपासून ‘पापा डोन्ट प्रीच’ आणि ‘लाइक अ प्रेअर’ यांसारख्या वादग्रस्त विषयांच्या गीतांपर्यंतचा प्रवास ऐकू येतो. ‘क्रेझी फॉर यू’ हे चित्रपटगीत तोवर मॅडोनाच्या स्वतःच्या कोणत्याही अल्बममध्ये नव्हते.

मात्र निवड केवळ लोकप्रियतेच्या निकषावर झालेली नाही. १९८७ मधील ‘हूज दॅट गर्ल’ हे गीत अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. ‘ट्रू ब्लू’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते. ही दोन्ही गीते येथे नाहीत. जागेची मर्यादा हे एक उघड कारण होते. त्या वेळच्या सीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे संगीत मावत असे आणि हा अल्बम जवळजवळ तेवढाच आहे. लाँगप्ले स्वरूपात त्यासाठी दोन तबकड्या लागल्या. तरीही काय ठेवावे आणि काय गाळावे हा निर्णय राहतोच, आणि या निर्णयाचा परिणाम दूरवर झाला. पुढच्या पिढीतील असंख्य श्रोत्यांना मॅडोनाचे पहिले दशक याच संचातून कळले. संचात नसलेली गीते त्यांच्या दृष्टीने मागे पडली.

ध्वनीतील बदल

या अल्बमविषयीची सर्वांत महत्त्वाची आणि अनेकदा दुर्लक्षित राहणारी बाब अशी, की यातील जुनी गीते मूळ रूपात नाहीत. शेप पेटिबोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचे पुन्हा मिश्रण केले. त्यासाठी क्यूसाउंड हे तेव्हा नवे असलेले कॅनडातील तंत्र वापरले. डाव्या व उजव्या ध्वनिक्षेपकांतून येणाऱ्या आवाजांत अत्यंत सूक्ष्म कालभेद ठेवला, की कानाची फसगत होते आणि आवाज ध्वनिक्षेपकांच्या बाहेरून, बाजूने येत असल्याचा भास होतो. हे तंत्र वापरणारा पहिला अल्बम म्हणून ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ ओळखला जातो.

काही गीते लहानही केली आहेत. मूळ सहा मिनिटांचे ‘हॉलिडे’ येथे चार मिनिटांत संपते. ‘लकी स्टार’चीही अशीच काटछाट झाली आहे. ‘एक्स्प्रेस युअरसेल्फ’ तर मूळ अल्बममधील वाद्यमेळाने न येता पेटिबोनच्या रिमिक्सच्या रूपात येते. म्हणून १९८० च्या दशकातील तिच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करणाऱ्याने हा संच मूळ साधन म्हणून वापरू नये. जुन्या पुस्तकाची नवी संपादित आवृत्ती जशी, तसे याचे स्थान आहे.

‘जस्टिफाय माय लव्ह’

हे गीत गाण्यापेक्षा कुजबुजण्याच्या जवळचे आहे. झाँ-बाप्तिस्त माँदिनो याने पॅरिसमधील एका हॉटेलात चित्रित केलेली त्याची कृष्णधवल चित्रफीत एमटीव्ही वाहिनीने लैंगिक दृश्यांमुळे दाखवण्यास नकार दिला. तेव्हा ती व्हीएचएस कॅसेटच्या रूपात बाजारात आली आणि मोठ्या प्रमाणावर खपली. बंदीचा फायदा कसा होतो याचे ते ठळक उदाहरण ठरले. जानेवारी १९९१ मध्ये गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

श्रेयाचा वाद मात्र अधिक गंभीर होता. गीताचा कर्ता म्हणून लेनी क्रॅविट्झ याचे नाव होते आणि शब्दांतील भर घातल्याबद्दल मॅडोनाचे. मूळ शब्द लिहिणारी इन्ग्रिड चावेझ हिचे नाव नव्हते. तिने न्यायालयात दाद मागितली. प्रकरण तडजोडीने मिटले आणि नंतर सहलेखिका म्हणून तिचे नाव जोडले गेले. गीतातील तालही पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला होता. त्या तालाचे मूळ जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये सापडते.

प्रतिसाद

ब्रिटनमध्ये अल्बम नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. अमेरिकेत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोहोचला, कारण व्हॅनिला आइसच्या ‘टू दि एक्स्ट्रीम’ने पहिले स्थान सोडले नाही. तरी पुढे अमेरिकेतच एक कोटीचा टप्पा ओलांडल्याने त्यास ‘डायमंड’ दर्जा मिळाला.

नंतरच्या काळातील गीतांसाठी ‘जीएचव्ही२’ हा संच २००१ मध्ये निघाला. २००९ मधील ‘सेलिब्रेशन’ या संकलनात दोन्ही कालखंड एकत्र आले आणि त्याच्या दोन सीडींच्या आवृत्तीत ‘हूज दॅट गर्ल’ला अखेर जागा मिळाली.