ठाण्याची पायरी चढण्याआधी

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. बाईच्या बाबतीत ही म्हण पोलिस ठाण्यापासूनच लागू होते. दारव्हा असो, पुसद असो की वणी, ‘तिला ठाण्यात नेलं’ एवढं कुणी म्हटलं की गल्लीत कुजबुज सुरू! तिनं काही केलं होतं की नाही, हे कुणी विचारत नाही.

आमच्या तालुक्यात बचत गटाच्या एका बैठकीत हा विषय निघाला. हिशेब आटोपल्यावर एक ताई हळूच म्हणाल्या, “मॅडम, शेजारच्या भांडणात मी पाहेल होतं म्हनून सांजच्याले सात वाजता ठान्यात बोलावलं. आमचे हे गावाले गेले होते. मंग मी काय कराले पायजे होतं?” त्या गेल्या होत्या. रात्री दहापर्यंत बाकावर बसून राहिल्या. कुणी वाईट बोललं नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. पण घरी लेकरं उपाशी आणि दाराशी शेजारणी उभ्या. खोलीत पंचवीस जणी होत्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एकीलाही ठाऊक नव्हतं.

उत्तर सोपं आहे. साक्षीदार म्हणून माहिती हवी असेल, तर पोलिसांनी बाईच्या घरी यायचं. राहत्या घराबाहेर कुठेही यायची सक्ती तिच्यावर करता येत नाही. हा नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कलम 179 मध्ये आहे. बोलावणं लेखी असावं लागतं. स्वखुशीनं जायचं असेल तर जा, पण ती आपली खुशी असते, हे लक्षात ठेवा.

मैत्रिणींनो, अशा नियमांमागे मोठी किंमत मोजलेली आहे. ती किंमत आपल्या विदर्भातल्याच एका मुलीनं मोजली.

26 मार्च 1972. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आजचा गडचिरोली. घरच्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला जबाबासाठी ठाण्यात आणलं. जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. ठाण्यातल्या दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप झाला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नाही. ठाण्यातच, पोलिसांसमोर, रात्री तिनं कुणाला हाक मारायची होती?

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात ‘माझी संमती नव्हती’ असं बाई सांगत असेल, तर न्यायालयानं तेच धरून चालायचं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापणं हाही तेव्हापासून गुन्हा झाला. म्हणूनच तिचं नाव इथं लिहिलेलं नाही.

त्याच वर्षी दुसरा निकाल आला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. त्यातल्या पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयानं आदेश दिले: बायकांची कोठडी वेगळी हवी, पहाऱ्याला महिला शिपाई हव्यात, चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी आणि अटक झालेल्यांचे हक्क मराठीत लिहून लावावेत. पुढच्या वेळी ठाण्यात गेलात तर भिंतीकडे जरूर बघा.

आता अटकेविषयी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादाची परिस्थिती असेल, तर महिला पोलिस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. झडती बाईनंच घ्यायची, तीही लाज राखून. अटकेचं कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, वकिलाला भेटू द्यायचं आणि 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. हे शेवटचं तर थेट संविधानात आहे.

पण हे नियम सगळ्यांच्या दारात सारखे पोहोचतात का? आपल्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण लोकांच्या मनातला शिक्का गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली नजर बेड्याकडे वळते. ‘नवरा सापडत नाही ना, मग बायकोला घेऊन चला’ याला तर कुठल्याच कायद्यात आधार नाही. नवऱ्याच्या बदल्यात बायको ही काय ओलीस ठेवायची वस्तू आहे? हा प्रश्न बेड्यावरच्या बाईसाठी आपण विचारला नाही, तर उद्या आपल्यासाठी कोण विचारणार?

कायदा माहीत आहे म्हणून पोलिसांशी वाद घालत बसा, असं मुळीच म्हणणं नाही. सभ्य शब्दांत चार गोष्टी विचाराव्यात: साहेब, मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून? लेखी नोटीस आहे का? सोबत महिला पोलिस आहेत का? माझ्या घरच्यांना फोन करू का? आरोपी म्हणून नोटीस आली तर ती टाळू नका, वकिलाला घेऊन वेळेवर जा. तपासात साक्षीदाराच्या लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हेही कायदाच सांगतो. आपण स्वतः दिलेल्या फिर्यादीवर सही लागते, पण ती पूर्ण वाचून घेतल्यावरच, आणि तिची प्रत फुकट मिळते. कोऱ्या कागदावर मात्र सही कधीच नाही, अंगठाही नाही.

“वकिलाला पैसे कुठून आणू?” हा पुढचा प्रश्न. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती आहे. फोन नंबर 15100.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकटीनं जाऊ नका. देसाईगंजच्या त्या रात्री सोबतच्यांना बाहेर काढलं, तिथंच घात झाला. गटातल्या दोघी सोबत न्या. कुणाला बोलावणं आलंय असं कळलं, तर कुजबुजण्याऐवजी चपला घालून तिच्याबरोबर निघा. आणि गॅसच्या नंबरशेजारी, भिंतीवर, तो 15100 आजच लिहून ठेवा.