टेबलावरची यादवी: इंग्लंडच्या राजाची लढाई खेळायची, तर नियम कुठले घ्यायचे?

दिवाळीत अंगणात किल्ला केला की मावळे मांडले जातात. महाराज वर, पहारेकरी दरवाजात, तोफ बुरुजावर. मांडणी झाली की काम संपतं, कारण ते मावळे जागचे हलत नाहीत. परदेशात मात्र असेच छोटे सैनिक टेबलावर मांडून मोठी माणसं अख्खी लढाई खेळतात. पट्टीनं अंतर मोजतात, फासे टाकतात, आणि चार-पाच तासांनी कोण जिंकलं ते ठरतं. मोबाईलवर असे व्हिडिओ आता आपल्याकडच्या पोरांनाही दिसायला लागलेत.

या खेळात सगळ्यात जास्त वाद होतो तो सैनिकांवरून नाही, नियमांवरून. म्हणून हा लेख. उदाहरण घेऊ इंग्लंडच्या यादवीचं, कारण या एकाच युद्धासाठी नियमांची पुस्तकं ढिगानं निघालीत आणि नवखा माणूस तिथंच गोंधळतो.

आधी युद्ध काय होतं ते

१६४२ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि तिथलं पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. पैसा कोण गोळा करणार, धर्म कसा चालणार, फौज कोणाच्या हुकमात राहणार, असे वाद होते. मधे थोडी विश्रांती धरून हे युद्ध १६५१ पर्यंत चाललं. ३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडवलं गेलं. आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते.

याच राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स १६५१ ला वूस्टरची लढाई हरून परदेशी पळाला, पुढे १६६० ला परत येऊन गादीवर बसला. त्याच्या लग्नात पोर्तुगालकडून आंदण मिळालं ते मुंबई बेट. १६६८ ला त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. म्हणजे ही यादवी वाटते तितकी लांबची नाही.

नियम म्हणजे नेमकं काय?

नियमांचं पुस्तक तीन गोष्टी सांगतं. कोणती तुकडी किती चालेल, मार कसा मोजायचा, आणि माणसं कधी पळतील. पण या तीन गोष्टी ठरवताना लिहिणारा एक मत मांडत असतो, की ही लढाई अमुक कारणानं जिंकली गेली. बंदुकीनं जिंकली असं त्याचं मत असेल तर त्याच्या नियमात बंदूक भारी पडते. शिस्तीनं जिंकली असं वाटत असेल तर शिस्तीला गुण जास्त. म्हणून पुस्तक घेण्याआधी त्या युद्धात काय घडलं ते थोडं माहीत पाहिजे. नाहीतर चित्रं बघून पुस्तक घेतलं जातं आणि ते कपाटात पडून राहतं.

पहिली कसोटी: घोडदळ परत येतं का?

या युद्धात सगळ्यात मोठी गोष्ट हीच. राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट हा घोडदळाचा तडफदार सेनानी. २३ ऑक्टोबर १६४२ ला एजहिलच्या लढाईत त्याच्या स्वारांनी समोरची फळी उधळली आणि पळणाऱ्यांच्या मागे थेट काइन्टन गावापर्यंत गेले. तिथं सामानाच्या गाड्या लुटत बसले. इकडे राजाचं पायदळ घोडदळाशिवाय उघडं पडलं. जिंकता आली असती अशी लढाई बरोबरीत सुटली.

१४ जून १६४५ ला नेझबीला तेच घडलं. रूपर्टनं आपल्या बाजूची फळी मोडली आणि तो पुढं पार सामानापर्यंत गेला. दुसऱ्या टोकाला पार्लमेंटचा क्रॉमवेल होता. त्यानंही समोरचे स्वार मोडले, पण सगळी फौज पाठलागाला सोडली नाही. थोडे मागे लावले आणि बाकीचे वळवून राजाच्या पायदळाच्या बगलेवर घातले. रूपर्ट परत येईपर्यंत खेळ आटोपला होता. राजाची मुख्य फौज त्या एका सकाळी संपली, साडेचार-पाच हजार माणूस कैद झालं.

आता नियम तपासा. जिंकलेलं घोडदळ लगेच खेळाडूच्या मर्जीप्रमाणे वळत असेल, तर त्या नियमात रूपर्ट आणि क्रॉमवेल यांच्यात फरकच उरला नाही. चांगल्या नियमात जिंकलेल्या स्वारांना फासा टाकावा लागतो, पाठलागात टेबलाबाहेर गेले तर परत येतील याची खात्री नसते, आणि शिस्तीच्या स्वारांना सवलत मिळते.

दुसरी कसोटी: भाला आणि बंदूक

तेव्हाच्या पायदळात दोन जातीचे शिपाई असायचे. एकाकडे सोळा फूट किंवा त्याहून लांब भाला, दुसऱ्याकडे तोड्याची बंदूक, म्हणजे पेटत्या वातीनं बार उडवायची. साधारणपणे एका भालेवाल्यामागे दोन बंदूकवाले, पण सगळ्या पलटणींत हे प्रमाण सारखं नव्हतं. बंदूक भरायला वेळ लागायचा. तेवढ्यात स्वार अंगावर आले तर भाल्यांचा आधार लागायचा. एकाला दुसऱ्याशिवाय चालत नव्हतं.

काही नियम भाले आणि बंदुका वेगवेगळ्या तुकड्या म्हणून हलवतात, काही पूर्ण पलटण एकच धरतात. वेगवेगळ्या हलवल्या की दिसायला बरं, पण कामं वाढतात. एकच धरली की खेळ पळतो. दोन्ही चालतं. पण दारूगोळा संपतो की नाही, हे बघाच. तो कधीच न संपणारे नियम या काळाला शोभत नाहीत.

तिसरी कसोटी: लढाई केवढी?

मार्स्टन मूरला २ जुलै १६४४ ला दोन्हीकडची मिळून चाळीस हजारांहून जास्त माणसं होती. उलट, एखादा पूल अडवणं किंवा धान्याच्या गाड्या लुटणं यात पन्नास-शंभर माणसं असायची. एकाच पुस्तकातून दोन्ही नीट होत नाही. आधी ठरवा, मोठी लढाई पाहिजे की चकमक.

तीन पुस्तकं, तीन स्वभाव

'पाइक अँड शॉट' हे वॉरलॉर्ड गेम्सचं पुस्तक. यात खेळाडू आधी हुकूम मोठ्यानं सांगतो आणि मग दोन फासे टाकतो. बेरीज सेनापतीच्या गुणापेक्षा जितकी खाली, तितक्या जास्त हालचाली, तीनपर्यंत. बेरीज वर गेली तर तुकडी जागेवरच, आणि त्या सेनापतीचा डावही तिथंच थांबतो. भाले आणि बंदुका यात वेगळ्या. चार-सहा माणसं, मोठं टेबल आणि सुट्टीचा दिवस असेल तर मजा येते. सैनिक मात्र भरपूर लागतात.

'फॉर किंग अँड पार्लमेंट' मध्ये टेबलावर चौकोन आखलेले असतात. पट्टी लागत नाही, त्यामुळे अर्ध्या इंचावरून भांडण नाही. फाशाऐवजी एक ते दहापर्यंतचे पत्ते. तुकडी हलवायला पत्ता ओढायचा. त्याच तुकडीला पुन्हा हलवायचं आणि पत्ता आधीच्यापेक्षा लहान आला, की तिचं आणि तिच्या सरदाराचं थांबलं. हाव धरली की अडकायला होतं. दारूगोळ्याच्या खुणाही ठेवाव्या लागतात. मोठी लढाई एका बैठकीत संपवायची असेल तर हे सोयीचं.

'द पाइकमन्स लॅमेंट' हे ऑस्प्रेचं लहान पुस्तक, २०१७ चं, चकमकीसाठी. सहा किंवा बारा सैनिकांच्या तुकड्या आणि साधारण चोवीस गुणांची फौज. म्हणजे चाळीस-पन्नास सैनिकांत काम भागतं. फासा फसला की डाव समोरच्याकडे. नवख्यानं सुरुवात इथून केली तर खिशाला आणि डोक्याला ताप कमी. पण यात नेझबी होणार नाही, नेझबीच्या आसपासच्या गावातली मारामारी होईल.

चौथी कसोटी: शेतकरी कुठं आहे?

ही कसोटी पुस्तकांच्या परीक्षणात क्वचितच सापडते. दोन्ही फौजा गावांवर जगत होत्या. घोड्याला दाणा, माणसाला भाकरी, ओढायला बैल, सगळं शेतकऱ्याचं. शिपाई घरात राहायचे, पैसे देऊ म्हणून चिठ्ठी द्यायचे, ते पैसे बहुतेक वेळा यायचेच नाहीत. शेवटी डॉर्सेट, विल्टशर, सॉमरसेट या भागातले शेतकरी १६४५ ला एकत्र आले. हातात काठ्या, कोयते, टोपीला पांढरी फीत. राजाचा असो की पार्लमेंटचा, आमच्या गावात लुटायला येऊ नका, एवढीच मागणी. त्यांना 'क्लबमेन' म्हणत, म्हणजे सोटेवाले. ऑगस्टमध्ये हॅम्बल्डन टेकडीवर क्रॉमवेलच्या घोडेस्वारांनी त्यांना पांगवलं आणि पकडलेल्यांना गावच्या चर्चमध्ये कोंडलं.

बहुतेक मोठ्या लढाईच्या नियमांत गाव म्हणजे नुसता अडथळा आणि सामानाच्या गाड्या म्हणजे नुसती खूण. नेझबीनंतर राजाच्या सामानाबरोबरच्या बायांची कत्तल झाली, जवळपास शंभर बाया मारल्या गेल्या. त्या खुणेत हे दिसत नाही. टेबलावर हे खेळायलाच पाहिजे असं नाही. पण त्या खुणेच्या जागी माणसं होती हे खेळणाऱ्याला माहीत असावं. 'पाइकमन्स लॅमेंट' मध्ये सोटेवाल्यांची तुकडी घेता येते. चकमकीत त्यांना तिसरा पक्ष म्हणून उभं केलं, जो दोघांनाही गावात येऊ देत नाही, तर खेळाचा रंगच बदलतो.

पैसे घालण्याआधी हे करा

- सैनिक आधी विकत घेऊ नका. पुठ्ठ्याचे तुकडे कापा, त्यावर 'भाले', 'बंदूक', 'स्वार' लिहा आणि दोन डाव खेळा. नियम आवडले तरच पुढं.
- पीटर डेनिस या चित्रकाराचं या युद्धावर कागदी सैनिकांचं पुस्तक आहे, त्यात नियमही आहेत. कापायचं, चिकटवायचं, फौज तयार.
- धातूचे किंवा प्लास्टिकचे सैनिक घेताना माप बघा. २८ मिलिमीटरचा सैनिक इंचभर उंच, रंगवायला सोपा, पण महाग आणि जागा खाणारा. सहा मिलिमीटरचा तांदळाच्या दाण्याएवढा. त्यात मोठी फौज छोट्या टेबलावर मावते.
- पुस्तकं इंग्रजीत आहेत. गटातल्या एकानं वाचून दोन पानांत मराठी सारांश काढला तर बाकीच्यांची अडचण राहत नाही.
- एकाच वेळी दोन पुस्तकांचे नियम मिसळू नका. आधी एक तसंच्या तसं खेळा, खटकलं तर मग बदला.

आणि पहिल्या डावात एक प्रयोग जरूर करा. आपलं जिंकलेलं घोडदळ पाठलागाला जाऊ द्या आणि मधलं पायदळ एकटं किती वेळ टिकतं ते मोजा. नियम चांगले असतील तर राजा का हरला, हे पुस्तक न वाचता टेबलावरच कळेल.