घरची आवड आणि आहाराचा कस

आहाराचे महत्त्व सांगणारी भित्तिपत्रके आरोग्य उपकेंद्रांतून व अंगणवाड्यांतून सर्वत्र दिसतात. त्यांतील उपदेश व्यक्तीला केलेला असतो. स्वयंपाक मात्र सबंध घरासाठी होत असतो. गरोदर सुनेला डाळ व पालेभाजी अधिक हवी असते, मधुमेह जडलेल्या आजोबांना भात कमी करण्यास सांगितलेले असते, आणि घरातील इतर मंडळींना पांढराशुभ्र भात, बटाट्याची भाजी व चहाबरोबर खारी-टोस्टच प्रिय असतात. एकाच्या गरजेसाठी साऱ्या घराची चव कशी बदलावी, याचे उत्तर भित्तिपत्रकात सापडत नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. त्याची कारणे अनेक असली, तरी आहारातील लोहाची तूट हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम व ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. धान्यातील सर्वच लोह अंगी लागत नाही हे खरे. तरीही ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

नापसंतीची कारणे

भाकरी मागे पडली ती केवळ जिभेच्या लाडामुळे, असे समजणे मात्र अन्यायाचे ठरेल. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते व दळण वरचेवर आणावे लागते. भाकरी एकेक थापावी लागते आणि ती गरमच चांगली लागते. पोळ्या डब्यातही मऊ राहतात. सकाळी सातला शेतावर निघणाऱ्या स्त्रीने पोळी किंवा भात पसंत केला, तर तिला आळशी म्हणण्याचे कारण नाही. शिवाय, रास्त भाव दुकानातील गहू-तांदूळ २०२३ पासून पात्र कुटुंबांना विनामूल्य मिळू लागले, तर ज्वारी बहुतेकांना बाजारभावाने घ्यावी लागते. यात प्रतिष्ठेचाही भाग आहे. घाटावरच्या अनेक घरांत भात हा एके काळी सणासुदीचा पदार्थ होता. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मनात भरड धान्य आणि गरिबी यांची सांगड बसली असल्यास नवल नाही.

वेगळे शिजवावे काय?

ज्याला गरज आहे त्याने आपल्यापुरते वेगळे शिजवावे, असा सल्ला सहज दिला जातो. परंतु ज्या घरात सून सर्वांच्या मागून जेवते, तिथे तिने स्वतःसाठी वेगळे पातेले चढविणे जवळपास अशक्य असते. तिच्या वाट्याला डाळीचे पाणी येते. डाळ आधीच संपलेली असते. घरी दिलेला शिधाही साऱ्या कुटुंबात वाटला जातो. आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण अंगणवाडीतच देण्याची जी व्यवस्था केली गेली, तिचे मर्म यावरून ध्यानात यावे.

सर्वत्र असे जेवण देता येणार नाही. म्हणून सर्वांच्या पातेल्यातच कस वाढविणे हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. चव फारशी न बदलता हे साधते. पाच किलो गव्हात अर्धा किलो हरभरे मिसळून दळल्यास पोळी जवळजवळ तशीच राहते. धान्यात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. त्यामुळे दोहोंतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. वरणात मूठभर शेवग्याचा पाला किंवा पालक टाकला, तर पालेभाजीला नाक मुरडणारी मुलेही तो वरणाबरोबर खातात. चाकवताची किंवा अळूची डाळ-शेंगदाणे घातलेली पातळ भाजी हा तर आपल्याकडचा जुनाच पदार्थ. मटकीला मोड आणण्यास खर्च काहीच नाही. भात वेळून पाणी फेकून दिल्यास ब जीवनसत्त्वे त्याबरोबर जातात. बेताच्या पाण्यात शिजविलेला भात अधिक बरा. जेवताना लिंबाची फोड घ्यावी, कारण क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. चहामुळे ते घटते, म्हणून जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर असावे. (बिटाच्या लाल रंगामुळे रक्त वाढते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. त्यात लोह अल्पच असते.) भाकरी दोन्ही वेळा शक्य नसेल, तर रात्री, घरातील सर्वजण असताना, करावी.

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांनी ही माहिती केवळ सुनेला सांगून भागणार नाही. पातेल्यात काय शिजावे हे बहुधा सासू ठरविते, आणि आठवडी बाजारात टोस्टचा पुडा घ्यावा की मेथीची जुडी, हे अनेकदा पुरुष ठरवितो. आहारविषयक सभा सहसा दुपारी, स्त्रियांपुरत्या भरतात. त्या सायंकाळी, पुरुष शेतावरून परतल्यावर घ्याव्यात, आणि सासवांना आवर्जून पुढे बसवावे.