नाद गाडीचा, गाठ कागदाची

जामखेडच्या बीड रस्त्याला तासभर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नुसत्या पाट्या वाचाव्यात. एमएच १६ म्हणजे आपला नगर, आताचा अहिल्यानगर. २३ बीडचा, २५ धाराशिवचा, ४५ अकलूजचा; शेजारचे करमाळा त्यातच आले. यात नवल नाही. जामखेड तालुक्याची शीव आष्टी-पाटोद्याला, भूमला आणि करमाळ्याला लागते. चार जिल्ह्यांचा हा सांधा आहे. पण १२ आणि १४ पासिंगच्या, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या गाड्याही इथे पैशाला पासरी दिसतात, आणि त्या सगळ्याच पाहुण्यांच्या नसतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालक बदलला तरी गाडीचा नंबर बदलत नाही. त्यामुळे पुण्यातल्या कुणा नोकरदाराने हौसेने घेतलेली गाडी पाचसहा वर्षांनी जामखेडच्या एखाद्या वस्तीवर उभी असते आणि पाटीवर मात्र जन्मगाव मिरवत असते.

अशी गाडी आणणारा माणूस दरवेळी गरजेपोटीच आणतो असे नाही. प्रत्येक गावात दोनचार जण असे असतात, की ज्यांच्या दारात एक गाडी वर्षभर टिकत नाही. आज स्विफ्ट, दिवाळीला बोलेरो, पुढच्या लग्नसराईत स्कॉर्पिओ. ते एजंट नसतात. कुणाची शेती असते, कुणाचे खताचे दुकान, कुणी लहानसहान कंत्राटे घेतो. घरचे म्हणतात, ह्याच्या हातात गाडी टिकत नाही. गावातले म्हणतात, नाद आहे. आणि गावात कुणालाही गाडी घ्यायची झाली, की ती बघायला आधी ह्यालाच बोलावले जाते.

पावसाच्या भरवशावर ज्वारी, तूर आणि उडीद पिकवणाऱ्या तालुक्यात हा नाद परवडतो कसा, हे आधी पाहू.

तक्ता संपतो तिथून पुढे

गाडीचा विमा काढताना तिची किंमत एका ठरीव तक्त्याने धरली जाते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे १० लाखांची गाडी पाच वर्षांत कागदावर ५ लाखांची होते. शिवाय नव्या गाडीवर राज्याचा एकरकमी कर असतो. पेट्रोलच्या खासगी गाडीला तो किमतीच्या ११ टक्क्यांपासून सुरू होतो, डिझेलला त्याहून जास्त. हा सगळा भार पहिला मालक उचलतो. दुसऱ्याला त्याच राज्यात तो कर पुन्हा भरावा लागत नाही.

पाच वर्षांनंतर गंमत सुरू होते. तिथे विम्याचा तक्ताच संपतो, आणि पुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. बाजारातही तसेच आहे. पाच वर्षांपुढच्या गाडीला भाव असा नसतोच. ती कशी वापरली, कुणी वापरली आणि समोरच्याला पैशाची किती निकड आहे, यावर सगळे ठरते. आमचा नादी माणूस नेमका ह्याच टप्प्यावर शिरतो. घट दुसऱ्याने सोसलेली, कर दुसऱ्याने भरलेला. सातआठ महिने मिरवून गाडी विकली, तर त्याचे जाते ते थोडे टायर-बॅटरीचे आणि थोडे सौद्यात सोडलेले. कधी उलट चार पैसे सुटतात. दर दोन वर्षांनी नवी कोरी गाडी घेणारा शहरी माणूस हौसेपायी जेवढे घालवतो, त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरत नाही.

ही सोय आपल्याकडे तशी अलीकडची. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. सत्तरच्या दशकात फिरोदियांच्या कायनेटिकची लूना नगरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि शिक्षक-ग्रामसेवकांच्या दारात पहिल्यांदा स्वतःचे वाहन लागले. चारचाकीची गोष्ट मात्र वेगळी होती. फियाट किंवा ॲम्बॅसॅडरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मोटारींच्या विक्रीवर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण होते. टंचाई एवढी, की हातात आलेली गाडी छापील किमतीहून चढ्या भावाने जाई. त्या वरच्या पैशाला ‘ऑन’ म्हणत. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली मालकाच्या हातात पडली. १९९४ मध्ये पुण्याची टाटा सुमो आली, २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ. गाड्या मुबलक झाल्या, कर्जे सोपी झाली, तेव्हा कुठे एक सोडून दुसरी धरण्याची चैन तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. बोलेरो-स्कॉर्पिओला आजही ग्रामीण भागात मागणी टिकून आहे, त्याचे एक साधे कारण म्हणजे कुठल्याही फाट्यावर त्यांचा मिस्त्री सापडतो.

काष्टीच्या बाजाराची शिकवण

सौद्याची रीत मात्र गाड्यांच्या आधीची आहे. श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा जनावरांचा बाजार ज्याने पाहिला, त्याला जुन्या गाडीचा सौदा ओळखीचा वाटेल. बैल घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो: दोन दाती, चार दाती, की जुळलेला. मग चालवून बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, खोड विचारतो. भाव तोंडाने न बोलता रुमालाखाली बोटे दाबून ठरतो आणि मध्ये हेडी असतो. एक जोडी देऊन दुसरी घ्यायची आणि वर फरक मोजायचा, ही अदलाबदल तिथे रोजची. गाडीच्या सौद्यात रुमाल गेला, बाकी पुष्कळसे राहिले. इसार आहे, मध्यस्थ आहे, ‘तुमची गाडी धरून वर किती?’ हा सवालही तोच आहे.

आणि दात बघणेही आहे. जाणता माणूस गाडी बघायला सकाळी लवकर जातो आणि आधीच बजावून ठेवतो, की मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवतो. बॉनेट गरम लागले, की समजायचे, मालकाने काहीतरी झाकण्यासाठी इंजिन तापवून ठेवले आहे. थंड इंजिन चालू करून आधी धूर बघतात: निळसर असेल तर ऑइल जळते आहे. मग ऑइलचे झाकण काढून बघतात; तिथून फसफसून धूर येत असेल तर गाडी ‘बॅक मारते’, म्हणजे इंजिन कामाला आले आहे. दाराचे रबर खाली ओढून खालची वेल्डिंगची टिंबे तपासतात. कारखान्यात ती एकसारख्या अंतरावर पडतात. दुकानात ठोकून सरळ केलेल्या गाडीत ती पुसलेली किंवा वेडीवाकडी असतात. बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल, तर तिथे पाना लागला आहे. काचांवर उत्पादनाची खूण असते. पाच काचा एका सालच्या आणि सहावी वेगळी निघाली, तर त्या बाजूला काय झाले ते विचारायचे. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर ४० हजार किलोमीटर दाखवतो आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले आहे, तर मीटर मागे घेतलेला आहे. हा पंधरा मिनिटांचा तपास चहा येईपर्यंत उरकतो आणि तोवर भावाचा शब्दही कुणी काढत नाही.

ओळखीचा बाजार

जुन्या मोटारींच्या बाजारावर जगात गाजलेला एक निबंध आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी तो १९७० मध्ये लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच्या मुळाशी हेच काम होते. त्यांचा मुद्दा असा: गाडीचे खरे काय ते विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीपोटी कमी भाव देतो. कमी भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला धजत नाही, आणि बाजारात भंगारच जास्त उरते.

जामखेडसारख्या गावात हे पुरते घडत नाही, याचे श्रेय ह्या नादी मंडळींना द्यायला हवे. जो वर्षाला दोन गाड्या घेतो आणि दोन विकतो, त्याला पुन्हा त्याच बाजारात यायचे असते. आज त्याने ठोकलेली गाडी ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ म्हणून गळ्यात मारली, तर महिनाभरात ते खर्ड्यापासून आष्टीपर्यंत कळते आणि पुढची गाडी त्याच्याकडून कुणी घेत नाही. शोरूम लेखी हमी देते, हा शब्द देतो, आणि तालुक्याच्या आत त्या शब्दाला किंमत असते.

अडचण होते ती गाडी किंवा गिऱ्हाईक तालुक्याबाहेरचे असले, की. देशात आता नव्यापेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात. २०२४-२५ मध्ये सुमारे ४३ लाख नवी प्रवासी वाहने खपली. जुन्यांचा उद्योगक्षेत्राचा अंदाज ५० लाखांच्या वर आहे. त्यात दिल्लीच्या डिझेल गाड्या आहेत: दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीवर शिक्कामोर्तब केले, आणि तिथल्या फॉर्च्युनर-स्कॉर्पिओ स्वस्तात इतर राज्यांची वाट धरू लागल्या. त्यांना ना-हरकत आणावी लागते, इथला कर वयाप्रमाणे भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. ह्यातले एक जरी राहिले, तरी स्वस्तात पडलेली गाडी महागात जाते. हप्ते थकल्याने फायनान्सने ओढून आणलेल्या गाड्या आहेत, पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्याही आहेत. त्यांच्या पहिल्या मालकाचा चेहरा इथे कुणी पाहिलेला नसतो. तिथे शब्द पुरत नाही, कागदच लागतो. आणि कागदाच्या बाबतीत आपले नादी बहाद्दर अगदी कच्चे असतात.

टीटीवर सही आणि तिथेच थांबलेली गाडी

सौदा झाला, पैसे मिळाले, विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. त्यालाच बोलीत ‘टीटी’ म्हणतात. खरेदीदाराचे नाव बहुतेक वेळा कोरे ठेवतात, कारण घेणाऱ्यालाही ती गाडी चार महिन्यांत पुढे सरकवायची असते. मध्ये स्वतःच्या नावावर करण्याचा खर्च कशाला? अशी एकाच सहीवर गाडी तीनचार हात फिरते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५० मात्र सांगते, की राज्यातल्या राज्यात विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे.

न कळवल्यास काय होते, याचे उत्तर ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ ह्या खटल्यात आहे. नोंदणी असलेल्या मालकाने २००७ मध्ये गाडी विकली. तिथून ती आणखी हातांत गेली. २००९ मध्ये तिने अपघात केला, त्यात एक जीव गेला. मूळ मालक म्हणाला, गाडी माझी राहिलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ते मानले नाही. नोंदवहीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारीही त्याचीच. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही, असा त्यामागचा विचार. आता हे तत्त्व वर्षाला दोन गाड्या फिरवणाऱ्याला लावून पाहा. दहा वर्षांत वीस गाड्या. त्यांतल्या सहासात जरी त्याने स्वतःच्या नावावर केल्या आणि विकल्यावरही तशाच राहिल्या असतील, तर कुठल्या घाटात कोण त्या कशा चालवतो आहे, याची टांगती तलवार ह्याच्या डोक्यावर. विमा संपलेला असला, तर भरपाई थेट घरातून.

व्यापाऱ्यांपुरता सरकारने ह्यावर तोडगा काढला आहे. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने, १ एप्रिल २०२३ पासून, जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली, की तोच मालक मानला जातो. पण आपला नादी माणूस स्वतःला व्यापारी समजत नाही, आणि हे संरक्षण व्यापाऱ्याच्या नोंदीवर उभे आहे. उलट त्याच्या खरोखर हक्काची एक गोष्ट तो सोडून देतो. विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसतो, माणसाचा असतो. २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढणारी ही सूट जुनी गाडी विकताना दाखला घेऊन नव्या पॉलिसीत नेता येते, आणि दाखला तीन वर्षे चालतो. पण पॉलिसीच नावावर करून घेतली नसेल, तर सूट जमा कुणाच्या खात्यात होणार?

घटस्थापनेचा झटका

किंमत ओळखण्यात हे लोक वाकबगार. तरी २०२५ च्या सप्टेंबरात भले भले फसले. पितृपक्षात सौदे थंडावतात, म्हणून मुरलेला गडी त्याच पंधरवड्यात भाव पाडून गाडी बघून ठेवतो आणि दसऱ्याला किल्ली घेतो. त्या वर्षी ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने छोट्या गाड्यांवरचा कर उपकरासह २८ हून जास्त होता तो १८ टक्क्यांवर आणला, आणि नवे दर लागू झाले ते २२ सप्टेंबरला, नेमके घटस्थापनेला. काही नव्या छोट्या गाड्या लाखाहून अधिक उतरल्या. ज्यांनी दोनतीन वर्षांची गाडी नुकतीच चढ्या भावाने घेतली होती, त्यांच्या मालाचा भाव बसल्या जागी पडला. पाचसहा वर्षांच्या पुढच्या गाड्यांना ही झळ तुलनेने कमी लागण्यासारखी होती. पाच वर्षांपुढचीच गाडी धरण्याचा जुन्या जाणत्यांचा ठोकताळा इथेही खरा ठरला.

ह्या नादाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. गावाला फुकटचा पारखी मिळतो, ज्याला नवी परवडत नाही त्याच्या दारात धड गाडी लागते आणि सौद्यातला शब्द जिवंत राहतो. फक्त नादाची मोजणी चुकीच्या जागी होते. किती गाड्या बदलल्या, हे कट्ट्यावर सांगितले जाते. किती नावावरून उतरल्या, हे कुणी विचारत नाही. पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो तेव्हा आधी जुनी बाकी बघतो. गाडीवाल्यानेही त्या दिवशी आजवर विकलेल्या गाड्यांचे नंबर आठवून परिवहन खात्याच्या ॲपवर एकेक टाकून बघावेत. ज्या नंबरापुढे अजून आपल्याच नावाची अक्षरे दिसतील, ती गाडी आपण विकलेली नाही, नुसती दुसऱ्याला चालवायला दिली आहे.